पोटॅशचा पांढरा थर आणि अडीच मिलिमीटर : चोपडा तालुक्यातल्या एका स्टार्टर कार्डाचं प्रकरण

कार्ड टेबलावर येण्याआधीच वास आला होता. जळालेल्या हायलमचा, म्हणजे कार्डाच्या तपकिरी पाटीचा, वास एकदा नाकात गेला की माणूस तो विसरत नाही. फिनेलसारखा, घशात चरचरणारा. नानांनी पिशवीतून कार्ड काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे तेरावं."

नानांचं चोपडा तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं जुनं दुकान आहे. पुढच्या खोलीत मोटरी भरल्या जातात आणि मागच्या खोलीत तीन वर्षांपासून शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरची कार्डं तयार होतात. सोल्डरिंगला दोन मुली आणि नानांचा पुतण्या. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, दोघी मुली माझ्याच हाताखालून गेलेल्या, म्हणून माझं येणंजाणं असतं. कार्डाचं काम सोपं आहे. तिन्ही फेज आहेत का ते बघायचं, एक गेली की मोटर बंद करायची, तिन्ही परत आल्या की थोडं थांबून चालू करायची. रात्रपाळीच्या लाइटीत शेतकऱ्याला दोन तास तरी झोपू देणारी वस्तू, त्यामुळे केळीवाल्यांत मागणी चांगली.

त्या उन्हाळ्यात ही कार्डं बसवलेल्या ६४ पेट्या गेल्या होत्या. ऑगस्ट संपेपर्यंत १३ परत आल्या. नानांचा संशय व्होल्टेजवर होता. रात्री भार कमी झाला की आमच्याकडे दोन फेजमध्ये ४५० च्या वर व्होल्ट मिळतात, हे मीही मीटरवर पाहिलं आहे. पुतण्याचा संशय पालीवर. एका पेटीत खरोखरच वाळलेली पाल निघाली होती, त्यामुळे त्याचा आवाज मोठा. दोघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं होतं, पण सात कार्डं एकाच जागी जळाली होती. पाल इतकी शिस्तीची नसते.

आम्ही तेराही कार्डं ओळीने मांडली. सात कार्डांवर पहिल्या आणि दुसऱ्या फेजच्या टर्मिनलमध्ये कोळशाची काळी रेघ. चार पेट्यांत वायरीच्या जोडाजवळ जळलेलं. एकात रेग्युलेटर पेटीच्या पत्र्याला भिडलेला. आणि एकात काहीच बिघाड नाही. शेतकऱ्याने न विचारता टायमरचा बटण फिरवून ठेवला होता.

मी विचारलं, "नाना, सामान घेताना दुकानदाराला काय विचारता?"

"काय विचारणार? किती व्होल्टचं आहे ते."

उत्तरात चूक काहीच नव्हती. वायरीच्या बंडलावर ११०० व्होल्ट छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. हायलमची पातळ पट्टी कित्येक हजार व्होल्ट आरपार अडवते. काळी टेपसुद्धा एका फेऱ्यात ४१५ व्होल्टला, म्हणजे दोन फेजमधल्या नेहमीच्या व्होल्टेजला, पुरून उरते. तेरापैकी एकाही कार्डात वीज कुठल्याही मटेरियलला भोक पाडून पलीकडे गेलेली नव्हती. ती गेली होती कडेने, वरून, किंवा जिथे मटेरियल उरलंच नव्हतं तिथून. व्होल्टचा आकडा मटेरियलच्या जाडीबद्दल बोलतो. सोल्डरिंगच्या सात सेकंदांत त्याचं काय होतं, मेच्या दुपारी पत्र्याच्या पेटीत काय होतं, श्रावणातल्या ओल्या पहाटे काय होतं, याबद्दल तो आकडा गप्प असतो. आमचं सगळं प्रकरण त्या गप्प भागातलं.

आधी वायरीचं सांगतो, कारण ते डोळ्यांनी दिसतं. थोरल्या मुलीला म्हटलं, "ताई, तू नेहमी करतेस तसाच एक जोड कर. मी नुसता बघतो." तिने ६० वॉटचं साधं आयर्न घेतलं, ट्रान्सफॉर्मरच्या जाड लगवर, म्हणजे धातूच्या पायावर, वायर गुंडाळली आणि टेकवलं. शिसं-कथलाची ६३-३७ तार १८३ अंशांना वितळते. लग मात्र जाड, ती उष्णता पिऊन टाकते. मनातल्या मनात मोजलं, सात आकडे झाले. तेवढ्यात वायरीवरचं लाल पीव्हीसी हळूहळू मागे सरकलं. जोड चकचकीत, पण त्याच्यामागे चार मिमी तांबं उघडं.

पीव्हीसी नेहमी असंच वागतं. वायर ओढून तयार होताना आवरणात ताण राहतो. गरम झालं की तो सुटतो आणि आवरण आखडतं. तांबं उष्णता आत नेत राहतं, म्हणजे आयर्न उचलल्यावरही सरकणं क्षणभर चालूच. मुलींना हे माहीत होतं. त्यांचा उपाय काळी टेप. मागच्या खोलीत, पंख्याखाली, तो उपाय दोन वर्षं टिकला असता.

पेटी पंख्याखाली नसते. मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ ओलांडतो हे सांगायला नको. एका दुपारी दोन वाजता नानांच्या गावाकडच्या विहिरीवरच्या पेटीत, दार लावून, तापमापक ठेवला होता. ६६ अंश. वापरलेली वायर ७० अंशांची, आणि त्या ७० मध्ये तांब्याची स्वतःची उष्णताही धरायची असते. टेपचा डिंक एवढ्या उष्णतेत पातळ होतो, टेपचं तोंड सुटतं, कडेने काळा चिकट ओघळ येतो. परत आलेल्या चारही पेट्यांत टेप सुटून लोंबत होती. आत ट्रान्सफॉर्मर जागेवर राहावा म्हणून ग्लू गनचा गोंद लावलेला, तोही पडून पेटीच्या तळाशी गोळा झालेला. तो गोंद खोलीत दगडासारखा असतो, म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात.

वायरीला पर्याय तीन दिसले. पहिला पीटीएफई, ज्याला आमच्याकडे सगळे टेफ्लॉन वायर म्हणतात. ती २६० अंशांपर्यंत सतत चालते आणि वितळते ३२७ ला, त्यामुळे नीट सोल्डरिंगमध्ये एक केसभरही मागे सरकत नाही. आयर्नचं टोक चुकून टेकलं तरी सहसा डाग पडत नाही. पण महाग, आणि सोलायला वंगाळ. आवरण गुळगुळीत आणि चिवट, साध्या कटरने सोलायला गेलं की तांब्याच्या दोन तारा हमखास तुटतात. आणखी एक खोड कमी लोकांना माहीत असते. टेफ्लॉन दाबाखाली थंडपणेच वाहतं. धारदार कडेवर केबल टायने आवळून ठेवलं तर वर्षा-दोन वर्षांत ते तिथे पातळ होत जातं, आणि शेवटी तांबं कडेला लागतं.

दुसरा सिलिकॉन वायर. उष्णतेला उत्तम, १८० अंशांना काही बोलत नाही, हाताला मऊ. मऊ हाच तिचा दोष. पत्र्याच्या भोकातून ओढताना नख लागल्यासारखी फाटते. तिसरा क्रॉस-लिंक्ड पॉलिओलेफिनची वायर. तिचे रेणू एकमेकांना कायमचे जोडलेले असतात, म्हणून ती वितळून ओघळत नाही, सोल्डरिंगला पीव्हीसीपेक्षा कितीतरी शहाणी, किंमत मधली. मन तिच्यावर बसलं होतं, पण जळगावला किरकोळीत हव्या त्या जाडीची, तीन रंगांत, दर महिन्याला मिळेल याची खात्री दुकानदार देईना. पुरवठा तुटला की पुतण्या पुन्हा मिळेल ती वायर लावणार, हे मला दिसत होतं. म्हणून पेटीतल्या आखूड, सोल्डर होणाऱ्या सहा वायरींपुरतं टेफ्लॉन घेतलं. एका पेटीला जेमतेम दीड मीटर लागतं. बाकी जिथे स्क्रू टर्मिनल आहेत तिथे १०५ अंशांचं पीव्हीसी आणि टोकावर दाबून बसवायचे फेरूल, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, सोल्डर नाहीच. टोकाला कथील पाजून स्क्रूखाली आवळलेली वायर सुरुवातीला घट्ट वाटते, पण कथील दाबाखाली हळूहळू बसत जातं, स्क्रू सैल पडतो, जोड तापतो. कित्येक जुने वायरमन अजून अभिमानाने टोकं कथलात बुडवून देतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फेरूलचा डबा ठेवून येतो.

टेफ्लॉनबाबत मी एकच गोष्ट आवाज चढवून सांगितली. पुतण्या लायटरने वायर सोलायचा. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे चुरचुरतात आणि तांब्याच्या तारा काळ्या पडून सोल्डर धरत नाहीत. टेफ्लॉन जाळलं तर त्याहून वाईट. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, सर्दीतापासारखा, आणि कशामुळे झाला ते माणसाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी लायटर देवघरात गेला आणि बाराशे रुपयांचा सोलणी कटर आला.

जोडांवर टेपऐवजी हीट श्रिंक स्लीव्ह, आतून गोंद असलेली. ती साधारण १०० ते १२० अंशांना आवळते आणि १२५ अंशांपर्यंत टिकते. सोल्डर करण्याआधी ती वायरीत ओवून लांब सरकवून ठेवायची असते, नाहीतर आयर्नच्या उष्णतेने तिथेच आवळून बसते. पहिल्या आठवड्यात धाकटीने पाच वेळा ओवायलाच विसरून जोड केला आणि पाच वेळा तोडला. मग तिने वायरी कापतानाच स्लीव्ह ओवून ठेवायची पद्धत काढली, जी मला सुचली नव्हती. तापणाऱ्या मोठ्या रेझिस्टरच्या पायांना मात्र श्रिंक चालत नाही. तिथे फायबर ग्लासची स्लीव्ह लागते, आणि ती आणायला जळगाव गाठायची गरज नव्हती. पुढच्या खोलीतच होती, मोटर भरताना रोज वापरतात.

यावरून एक आठवलं. रिवाइंडिंगवाल्याला इन्सुलेशनचे वर्ग तोंडपाठ असतात: बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. मिलिनेक्स कुठे आणि नोमेक्स कुठे, हे नाना झोपेतही सांगतील. तेच नाना मागच्या खोलीत गेले की "किती व्होल्टचं?" एवढंच विचारतात. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काहीतरी वेगळं, असा धाक त्यांच्या मनात बसला होता. मोटरच्या खाचेत कागद घालताना जो विचार करतात तोच कार्डावर करायचा, हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता त्या सात कार्डांकडे येतो. खरं दुखणं तिथे होतं.

कार्ड होतं तपकिरी, कागद आणि फिनॉलिक राळेचं, बाजारात ज्याला हायलम म्हणतात त्याच कुळातलं. टर्मिनल ५.०८ मिमी अंतराचे, प्रत्येकाखाली अडीच मिमीचा तांब्याचा गोल. म्हणजे दोन फेजमध्ये कार्डाच्या अंगावरून मोजलं तर मोकळी जागा जेमतेम अडीच मिमी. कोरड्या, स्वच्छ हवेत अडीच मिमी ओलांडायला ४१५ व्होल्टची, म्हणजे शिखराला ५८७ व्होल्टची, ताकद कुठून येणार? नवीन कार्ड मेगरला, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरला, लावलं तर काटा हलायचा नाही. म्हणूनच दुकानात तपासलेली प्रत्येक पेटी पास.

भिंगाखाली काळ्या रेघेच्या कडेला पांढरट थर दिसला. मुलींना वाटलं फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून लावतात त्या राळेचा, असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. पिवळट राळ निघाली, पांढरं तसंच राहिलं. ओल्या बोटाने मात्र चटकन निघालं. नानांना विचारलं, "या सात पेट्या कुठे लावल्या होत्या?" ते वही घेऊन बसले. सातपैकी सहा पेट्या ठिबकवाल्या केळीच्या बागांत, आणि त्यातल्या पाच ठिकाणी पेटी त्याच खोपीत, जिथे खताच्या गोण्या आणि विद्राव्य खताची टाकी.

केळीला पोटॅश मुबलक लागतं. पांढरा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. गोणी फोडताना धूळ उडते, टाकीत ढवळताना तुषार उडतात, आणि त्याच हाताने शेतकरी पेटीचं दार उघडून बटण दाबतो. मीठच ते. उन्हाळाभर कोरडं बसून राहतं, कोणाला त्रास देत नाही. पावसाळा लागला, पहाटे दव पडलं की ते हवेतली ओल ओढून घेतं आणि दोन फेजमध्ये मिठाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. त्यातून किंचित करंट वाहतो, पापुद्रा जागोजागी सुकतो, सुकलेल्या फटीत बारीकशी ठिणगी पडते. ठिणगीखाली राळ जळून कोळसा होतो. कोळसा वीज वाहतो. दुसऱ्या पहाटे अंतर तेवढं कमी झालेलं असतं. असं टिचटिच करत रेघ वाढत जाते आणि एक दिवस अडीच मिमी संपतात. याला ट्रॅकिंग म्हणतात. त्या पेटीसमोर उभा असलेला शेतकरी मात्र एवढंच विचारतो, "काय व्हयनं भो?"

यातली गंमत अशी, की मटेरियल ट्रॅकिंगला किती टिकतं हे मोजण्याची जगभरची पद्धतही हेच करते. मटेरियलवर दोन इलेक्ट्रोड चार मिमी अंतरावर ठेवायचे आणि मधोमध अमोनियम क्लोराइडच्या ०.१ टक्का द्रावणाचे पन्नास थेंब, एकामागून एक, टाकायचे. जितक्या व्होल्टला मटेरियल टिकतं तो त्याचा सीटीआय. नवसागराचं पाणी तिथे प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने पडतं, आमच्याकडे पोटॅश फुकटात.

एफआर-४ म्हणजे ग्लास इपॉक्सीचं हिरवं कार्ड घेतलं की प्रश्न सुटला, असं पुतण्याचं ठाम मत होतं. मी एवढंच म्हटलं, की करून बघू. कोऱ्या पाट्यांवर, वीज न जोडता, खेळ मांडला. लिटरभर पाण्यात चमचाभर पांढरा पोटॅश, फवाऱ्याने हलका शिडकावा, अर्धवट सुकू द्यायचं आणि ५०० व्होल्टच्या मेगरने दोन फेजच्या गोलांमध्ये मोजायचं. तपकिरी पाटी कोरडी असताना २०० मेगओहमच्या वर होती, ती ०.३ वर आली. हिरवी पाटी, तेच अडीच मिमी अंतर, ०.५ वर. म्हणजे फरक नावापुरता. पुतण्याचं तोंड उतरलं. साधं एफआर-४ ट्रॅकिंगच्या बाबतीत फार मोठा पहिलवान नाही. त्याचा सीटीआय बहुतेक वेळा १७५ ते २५० च्या आसपास असतो. ओल पृष्ठभागावर असते, आणि पृष्ठभागाला आत काच आहे की कागद याच्याशी काही देणंघेणं नसतं.

फरक दिसला धुतल्यावर. दोन्ही पाट्या डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या, वर आयसोप्रोपिल फिरवलं आणि सुकवल्या. हिरवी पुन्हा २०० च्या वर गेली. तपकिरी दोन दिवस उन्हात ठेवूनही वीसच्या पुढे जाईना. कागदाने खारं पाणी आत ओढून घेतलं होतं, कापलेल्या कडांतून आणि भोकांतून. शिवाय दुरुस्तीत दोनदा आयर्न लागलं की तपकिरी पाटीवरचा तांब्याचा गोल सुटून येतो. खेड्यात जाणाऱ्या वस्तूला दोनदा आयर्न लागणारच. या दोन कारणांसाठी एफआर-४ घेतलं, १.६ मिमी जाडीचं. व्होल्टेजसाठी मुळीच नाही.

खरा उपाय अंतरात होता. इन्सुलेशनच्या अंतरांचे आंतरराष्ट्रीय तक्ते जागेच्या घाणीनुसार वेगळे आकडे देतात. ओल आणि वीजवाहक धूळ असणारी जागा तिसऱ्या दर्जात धरली जाते आणि एफआर-४ सारख्या मटेरियलला तिथे ४०० व्होल्टच्या ओळीत ६.३ मिमी, ५०० च्या ओळीत ८ मिमी लागतात. रात्री ४५० दिसतात म्हणून आम्ही ८ धरले. जिथे ८ हवेत तिथे अडीच, हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपण मटेरियल बदलत राहिलो, अन् कमी होती ती जागा." मटेरियल निवडीवरचं इतकं नेमकं वाक्य मला वर्गात कधी सुचलं नव्हतं.

टर्मिनल १०.१६ मिमी अंतराचे घेतले. गोलांमधलं अंतर साडेसात मिमीच्या थोडं वर गेलं, आणि मधोमध कार्डात आरपार खाच मारली, दोन मिमी रुंद. खाच लांब ठेवली, गोलांच्या पुढे दोन्हीकडे काढून; ओलीला आता वळसा घालून यावं लागतं, म्हणजे अंगावरचं अंतर आठच्या बरंच पुढे. खाच दीड मिमीपेक्षा अरुंद असेल तर अशा घाणेरड्या जागेत ती हिशेबात धरत नाहीत, कारण कचऱ्याने तीच बुजते. पहिल्या नमुन्यात कार्ड बनवणाऱ्याने एक मिमीची मारून पाठवली होती, ती परत केली.

वरून लेप काय द्यायचा यावर दोन रविवार गेले. नानांचं म्हणणं, दुकानात वॉर्निशचा डबा आहे, त्यातच बुडवू. मोटरचं ते वॉर्निश भट्टीत सव्वाशे ते एकशे तीस अंशांना काही तास भाजावं लागतं. कार्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढं सोसणार नाहीत आणि न भाजता वापरलं तर चिकट राहून आणखी धूळ धरेल. हवेत सुकणारं वॉर्निशही येतं, पण ते कनेक्टर आणि रिलेत शिरलं तर काम संपलं. सिलिकॉनचा लेप उष्णतेला सरस, पण दुरुस्तीला तो खरवडत बसावं लागतं. इपॉक्सीने कार्ड भरून टाकणं सगळ्यात पक्कं, मग बिघडलं की पूर्ण कार्ड भंगारात; नानांचं गिऱ्हाईक ते सहन करणार नाही. ॲक्रिलिकचा लेप घेतला. ब्रशने लागतो, सॉल्व्हंटने निघतो, गरज पडली तर त्याच्यावरूनच सोल्डर करता येतं. उष्णतेत तो सिलिकॉनइतका दमदार नाही हे कबूल, पण ६६ अंश तो आरामात सोसतो.

लेप देण्याआधी धुणं हा खरा कष्टाचा भाग. घाणीवर लेप दिला तर घाण आतच कोंडते, आणि लेपातून मुरणारी ओल तिला भिजवत राहते. राळेच्या फ्लक्सला आयसोप्रोपिल, मिठाला पाणी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आणि नळजोडणीवाल्यांकडची ॲसिडची पेस्ट, जी "भारी पकडते" म्हणून पुतण्याने आणून ठेवली होती, ती डबीसकट बाहेर काढली. वायरी जिथे कार्डाला येतात तिथे आधाराला सिलिकॉन लावायचं ठरलं, तेही निवडून. हार्डवेअरच्या दुकानातलं नेहमीचं, व्हिनेगरचा वास येणारं, सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं करतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागायचं. वास घेऊन ओळखता येतं हे मुलींना फार आवडलं. आता त्या दुकानदारासमोर ट्यूबचं टोपण उघडूनच हुंगतात.

पत्र्याला भिडलेल्या रेग्युलेटरची गोष्ट दोन ओळींची आहे. रेग्युलेटर आणि पत्रा यांच्यामध्ये घालायचे अभ्रकाचे वॉशर संपले होते, कोणीतरी पारदर्शक फायलीचा तुकडा कापून घातला. रेग्युलेटर तापला, प्लॅस्टिक मऊ पडलं, धातूची कड आत रुतली. अभ्रक ५०० अंशांना दाद देत नाही, पण चिरतो, आणि दोन्ही बाजूंना हीट सिंक पेस्ट लावावी लागते. आम्ही सिलिकॉनचे तयार पॅड घेतले. पेस्ट नको, संपले की पाकीट रिकामं दिसतं, आणि फायलीला कोणी हात लावत नाही.

शेवटी बाक. मुलींच्या बाकावर जळगावी प्लॅस्टिकची चटई अंथरलेली होती, स्वच्छ दिसावी म्हणून. पॉलिप्रॉपिलीन ते, आयर्न टेकलं की चर्र. सगळीकडे नक्षीकामासारखी भोकं. मी निळी सिलिकॉन मॅट आणा म्हटलं, आणि मग स्वतःलाच थांबवलं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नायलॉनचा दुपट्टा काढला तरी तडतड होते. उत्तम इन्सुलेटर असलेल्या मॅटवर तो स्थिर विजेचा भार साचून राहतो आणि कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला न दिसणारा झटका बसतो. सोल्डरिंगच्या बाकाला पक्कं इन्सुलेटर नकोच असतं. तिथे हवा असतो अर्धवट वाहक, दहा लाख ते शंभर कोटी ओहमच्या मधला, एक मेगओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडलेला. म्हणजे ज्या खोलीत आम्ही महिनाभर इन्सुलेशन वाढवत होतो, तिथे बाकावर ते कमी करावं लागलं. नाना म्हणाले, "सर, ठरवा ना एकदा काय ते." अशी अर्धवट वाहक, ईएसडी मॅट आली, मनगटाच्या पट्ट्यांसकट. पट्ट्या मुली घालतात. पुतण्या मी असलो की घालतो.

एका पेटीमागे खर्च साधारण नव्वद रुपयांनी वाढला. त्यातला निम्मा कार्डाचा, बाकी टेफ्लॉन आणि लेपाचा. नानांनी भाव पन्नासने वाढवला आणि चाळीस स्वतः सोसले. परत आलेल्या पेटीमागे मोटरसायकलवर खेड्यात जाणं, दुसरी पेटी बसवून देणं आणि शेतकऱ्याचं बोलणं खाणं यापेक्षा ते स्वस्तच पडतं, हा हिशेब त्यांनी मला न विचारता मांडला होता.

पुढच्या हंगामात ५२ पेट्या गेल्या. परत आल्या तीन. एकात रिले खराब निघाला. दुसऱ्यात आमचं सगळं शाबूत, पण शेतकऱ्याने मोटर दूर हलवली म्हणून वायर वाढवली होती आणि जोडावर काळी टेप, ओघळासकट. तेव्हापासून पेटीसोबत श्रिंक स्लीव्हचे वीतभर लांब चार तुकडे आणि काडेपेटीने हळू कसं आवळायचं याचा कागद जातो.

तिसऱ्यात पाल. कार्डावर नाही, कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, दोन टर्मिनलवर आडवी. वायर आत येते त्या भोकावर केबल ग्लँड घट्ट बसवून दिला तरी शेतकरी जास्तीची वायर आत घ्यायला भोक मोठं करतो आणि तिथून ती येते. पुतण्याने ती पेटी मुद्दाम माझ्या टेबलावर, उघडी, ठेवली होती. मोठ्या भोकाचाच एक रबरी ग्रोमेट बनवून घ्यायचा विचार चालू आहे, ईपीडीएम रबराचा, उन्हात तडकू नये म्हणून. नमुना अजून आलेला नाही.